बित्तु

येळ्ळूरच्या शिवारातलं भात निघालं
की बांधाबांधांतून एवढी मोकळी जागा होते
की माणसाला आपली चूक लांबून येताना दिसते.

राजहंसगड डाव्या हाताला, वारा घाटाकडून,
पाय धसकटांत, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला रिमोट.
वय बावन्न. उद्यमबागेत लेथवर एकतीस वर्षं.
तिथं केसभर इकडंतिकडं झालं
तर जॉब रिजेक्ट, भंगाराच्या पेटीत, विषय संपला.
इथं पडलेलं सगळं वेचून घरी न्यावं लागतं.

विमान एका जुन्या बोर्डाचं. पोकळ प्लास्टिक,
कुणाच्या तरी स्वागताचं :
एका पंखावर अर्धं मराठी, दुसऱ्यावर अर्धं कानडी.
कापताना अक्षरं वरच्या अंगाला आली.
सरळ उडताना ती फक्त आभाळाला दिसतात.
उलटं झालं की आम्हाला.

आणि उलटं झालं की पडतं.

पहिल्यांदा पडलं तेव्हा मी म्हटलं, वारा.
दुसऱ्यांदा, सर्वो.
तिसऱ्यांदा बॅटरीवर घातलं,
ती बिचारी मसुरीच्या ओळीत नाक खुपसूनसुद्धा
मोटर फिरवत होती.
चौथ्यांदा कुणाचं नाव घ्यावं सुचेना,
तेव्हा वही काढली.

'पाठीवर घेतलं. नाक खाली चाललं. स्टिक ओढली.'
पाचवं : 'ओढली.'
सहावं : 'परत ओढली, गाढवा.'

घाबरलं की आपल्याकडं ओढायचं,
एवढंच माझ्या अंगठ्याला येत होतं.
पोराचं बोट, म्हशीचं दावं, बसचा दांडा, सगळं असंच.
पण पाठीवरच्या विमानाला ओढणं
म्हणजे जमिनीला हाक मारणं.
तिथं ढकलावं लागतं. पडताना, जमिनीकडं बघत,
स्टिक पुढं ढकलायची,
तेव्हा ते वर जातं.
हे कळायला एक मिनिट लागलं.
हाताला कळायला चार पंख, दोन मोटरी,
आणि फेव्हिक्विकनं चिकटलेली बोटं.

बहिणीची तेजल दहावीत आहे.
तिनं बांधावर बसून पेरू खात सांगितलं,
"मामा, तू विमानाकडं बघालास.
विमानात बसून बघ की."
मी म्हटलं, बाई, माझं वजन.
हसली नाही.

पलीकडचं शेत निंगव्वाचं. ती मसूर बघायला येते,
बघते मात्र आमच्याकडं.
दर वेळी, माती उडायच्या आधीच, ओरडते :
"बित्तु! बित्तु!"
पडलं, पडलं.
मला तेवढी कानडी येते.
पण त्याच शब्दानं कानडीत पेरतातही,
हे तिनंच एकदा सांगितलं,
तिच्या मसुरीतून माझा पंखा उचलून देताना,
कुठलीही शिकवण द्यायची नाही अशा चेहऱ्यानं :
"बीज बित्तु म्हंतोय आमी. ह्ये तुजं निस्तं बित्तु."

सातव्यानं उंची शिकवली,
एक चूक पोटात घालून वर दुसरीला जागा उरेल एवढी.
आठवं कशानं पडलं ते मला अजून माहीत नाही.
नववं ऊन डोळ्यांत गेल्यानं.
दहावं तेजलनं पाडलं, त्यावर आम्ही बोलत नाही.
अकरावं चांगलं चाललं होतं,
म्हणून मी तिच्याकडं बघितलं.

आज उदबत्तीच्या काड्या घालून शिवलेला पंख,
सायकलच्या स्पोकची तार, नाकाला चिकटपट्टी.
पाठीवर घेतलं.
नाक खाली. पोटात खड्डा.
अंगठा मागं निघाला होता, खोटं कशाला सांगू,
मधेच थांबला,
आणि पुढं गेला.

या बांधापासून त्या बांधापर्यंत
मोडक्या स्वागताची दोन्ही अर्धी
आमच्या डोक्यावरून सरळ वाचता येत गेली.

निंगव्वा कमरेवर हात ठेवून उभी.
"इवत्त बीळ्लिल्लेन?"
आज पडलं नाही का?

"इन्नू इल्ल," मी म्हटलं. अजून नाही.
बॅटरी दोन मिनिटं बाकी होती.